ऑलिव्ह ड्रॅब आणि ब्ल्यू ग्रेचा चार बाटल्यांचा संच: पावसाळ्यासकट काही महिन्यांच्या वापरानंतर

१९४१-४२च्या अमेरिकन लढाऊ विमानांसाठीचा हा अ‍ॅक्रिलिक रंगांचा संच (ऑलिव्ह ड्रॅब म्हणजे मळकट हिरवा, ब्ल्यू ग्रे, न्यूट्रल ग्रे आणि लाइट ग्रे) १/४८ स्केलच्या दोन प्लॅस्टिक मॉडेलवर वापरला: लष्कराचं पी-४०ई आणि नौदलाचं एफ४एफ-३ वाइल्डकॅट. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खालचं बरंचसं अल्कोहोलवर आधारलेल्या कुठल्याही अ‍ॅक्रिलिकला लागू पडतं.

फवारणीला रंग उत्तम. एक भाग रंगाला दीड भाग थिनर, एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय, आणि पातळ दोन-तीन हात. ब्रशने मात्र नाद सोडा, दुसरा हात पहिल्याला उचलतो. प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) हवाच, नुसत्या प्लॅस्टिकवर मास्किंग टेपबरोबर रंगही निघून येतो. टेप लावण्याआधी एरवी २४ तास पुरतात, पावसाळ्यात ४८ धरा.

खरी अडचण ऑलिव्ह ड्रॅबची. बाटलीतला रंग फॅक्टरीतून नुकत्याच निघालेल्या विमानाचा आहे, आणि छोट्या मॉडेलवर तो जवळजवळ काळपट दिसतो. उजळवायला नुसता पांढरा घातला की खडूसारखा राखाडी होतो. चार भाग ऑलिव्ह ड्रॅब, एक भाग डार्क यलो आणि पांढऱ्याचे दोन-तीन थेंब, हे मिश्रण बरोबर बसतं. उन्हात हा रंग तपकिरीकडे झुकायचा, म्हणून पिवळ्याची बाजू धरायची. पी-४०चे एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर (पंखांच्या, आडव्या शेपटीच्या आणि उभ्या शेपटीच्या मागच्या हलत्या पट्ट्या) कापडी होते. कापड आणि धातूवरचा रंग सारखा विटत नसे, तेव्हा तेवढ्या भागांवर डार्क यलोचा अर्धा भाग जास्त. एवढ्याने मॉडेल जिवंत होतं. पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) गडद करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

न्यूट्रल ग्रे आणि लाइट ग्रे बाटलीतून थेट चालतात. ब्ल्यू ग्रे जरा जास्तच निळा आहे. पॅसिफिकमधली नौदलाची विमानं लवकर विटायची, म्हणून पाच भागांत एक भाग लाइट ग्रे घातलेला चांगला.

संचासोबतच्या डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांवर) फार विसंबू नका. तेव्हाचं अमेरिकन चिन्ह म्हणजे निळ्या वर्तुळात पांढरा तारा आणि त्याच्या मध्यावर लाल ठिपका. पांढरा तारा गडद रंगावर पारदर्शक दिसतो आणि लाल ठिपका वेगळा असल्याने मध्यावर बसवताना दमछाक होते. मास्क (रंग अडवणारा टेपचा साचा) कापून रंगवणं सोपं. ताऱ्याची टोकं निळ्या वर्तुळाला टेकतात, आणि लाल ठिपका ताऱ्याच्या आतल्या पंचकोनाच्या बाजूंना आतून स्पर्श करतो. म्हणजे २० मिमीच्या वर्तुळाला साधारण ६.२ मिमीचा ठिपका. डेकलच लावायचे तर आधी चकचकीत वार्निशचा हात (ग्लॉस कोट) मारा, नाहीतर मॅट रंगावर खाली हवा अडकून चंदेरी चकाकी उरते.

चिन्हांत घोळ होतो तो तारखांचा. १९४१पासून लष्कराच्या विमानांवर तारा डाव्या पंखावर वरून, उजव्या पंखाला खालून आणि धडाच्या दोन्ही बाजूंना. पंखांखाली गडद निळ्यात ‘यू.एस.’ उजवीकडे, ‘आर्मी’ डावीकडे. नौदलाने जानेवारी १९४२मध्ये दोन्ही पंखांवर वर-खाली तारे घेतले आणि रडरवर तेरा आडवे पट्टे आणले, सात लाल, सहा पांढरे. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून मे १९४२मध्ये ठिपका आणि पट्टे दोन्ही गेले. कोरल सीच्या लढाईतलं (मे १९४२ची सुरुवात) वाइल्डकॅट करत असाल तर दोन्ही हवेत, मिडवेच्या लढाईतल्या (जून १९४२) विमानावर एकही नको. पट्ट्यांसाठी रडर आधी पूर्ण पांढरा करा, उंचीचे तेरा समान भाग पाडा, टेपच्या कडेवर पांढऱ्याचाच आणखी एक हात मारा आणि मगच लाल फवारा. लाल आत झिरपत नाही. मिडवेच्या विमानाच्या रडरवर ब्ल्यू ग्रे न उजळवता मारा, कारण पट्टे झाकणारा रंग नवा होता.

फ्लाइंग टायगर्सच्या (चीनच्या बाजूने लढलेल्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांच्या) पी-४०साठी हा संच घेऊ नका. ती विमानं ब्रिटिश धर्तीच्या तपकिरी-हिरव्या रंगांत होती आणि रंगांच्या सीमा कडक होत्या. त्यासाठी रंगही वेगळे आणि कापलेले मास्कही वेगळे लागतात. लष्कर-नौदलाची साधी विमानं करणाऱ्याला संच परवडतो, फक्त डार्क यलोची एक बाटली सोबत घ्या.