मधुमेहाची आणखी एक गोळी की हिरड्यांची खोल सफाई?
आईच्या ब्रशवर रोज रक्ताचा गुलाबी डाग दिसायचा, आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, होतं ८.४.

गोळी वाढवली की साखर उतरते, पण हिरड्यांतली सूज तशीच राहते. ती सूज इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. चढलेली साखर पुन्हा हिरड्या पोखरते.

खोल सफाईत हिरडी बधिर करून मुळांवरचं कीटण खरवडतात. दोन-तीन खेपा लागतात, दोन दिवस तर्री-पोहे बंद. पण ३-४ महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ ने उतरतं, हे अभ्यासांत दिसलंय. नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयातही हे उपचार होतात.

मी आईची सफाई आधी करून घेतली. चालू गोळ्या मात्र एक दिवसही चुकवल्या नाहीत.