मागचे ड्रम ब्रेक: घरी बदलावेत की गॅरेजला द्यावेत?

हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागतो, पेडल दोनदा पंप केल्याशिवाय ब्रेक पकडत नाही आणि मागच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. जुन्या पिकअपची ही लक्षणं ओळखीची आहेत. लायनर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, संपत आलेत आणि बदलायचे आहेत, एवढं यातून कळतं. ते स्वतः बदलावेत की मिस्तरीकडे गाडी लावावी, हे मात्र ड्रम उघडल्याशिवाय ठरवू नये, असं माझं मत आहे. सावदा-रावेरकडची केळी वाहणाऱ्या गाडीचं हे काम मी गॅरेजमध्येही करून घेतलंय आणि अंगणात लिंबाखाली बसून स्वतःही केलंय.

आधी पैशांचं बोलू. शू (लायनर ज्यावर बसवलेले असतात त्या कमानी), स्प्रिंगा, सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) यांचा खर्च दोन्हीकडे जवळपास तोच. घरी वाचते ती फक्त मजुरी. पण जॅकसोबत दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), स्प्रिंग काढायचा चिमटा, टॉर्क पाना आणि ब्रेक क्लीनर विकत घ्यावं लागलं, तर पहिल्या खेपेला मजुरीची बचत त्यातच जाते. घोड्यांच्या जागी विटा किंवा नुसता जॅक लावून काम करणार असाल, तर घरचा पर्याय सोडून द्या. भरल्या गाडीखाली वीट फुटते आणि हायड्रॉलिक जॅक हळूहळू बसतो. गाडी रिकामी, सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले आणि हँडब्रेक सोडलेला, एवढी तयारी हवीच.

वेळेचा हिशेब वेगळा आहे. सराव असलेला मिस्तरी दोन्ही बाजू काही तासांत करून देतो, मला पहिल्यांदा अख्खा दिवस लागला होता. केळीची कापणी चालू असताना दिवसभर गाडी उभी ठेवणं परवडत नाही, अशा वेळी गॅरेजच बरं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा घरी करायचं तर पहाटेच सुरुवात करावी.

आता ड्रम. काही गाड्यांत तो चाकाच्या बोल्टांवर नुसता बसवलेला असतो. चाक काढलं, ठोकलं की सुटतो. काहींत तो हबसकट (चाक ज्यावर बसतं त्या भागासकट) निघतो, म्हणजे अॅक्सल शाफ्ट आणि बेअरिंगलाही हात लावावा लागतो. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची असेल आणि बेअरिंग बसवायची सवय नसेल, तर सरळ गॅरेजला द्या. पहिल्या प्रकारात गंजाने ड्रम अडकला असेल, तर पुष्कळ ड्रमना दोन आटेदार भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम बाहेर सरकतो. तरीही अडला, तर शू ड्रमच्या कडेला अडकले असतील, तेव्हा अॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) आधी ढिला करावा.

ड्रम निघाला की आतली काळी धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर मारून ती ओली करावी आणि फडक्याने पुसावी. मग नीट पाहा, खरा निर्णय इथेच होतो.

लायनर फक्त झिजलेले आहेत आणि बाकी सगळं कोरडं आहे? मग हे काम घरी होण्यासारखं आहे. एका वेळी एकच बाजू खोला म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. मोबाइलवर फोटो काढा, कारण पुढचा आणि मागचा शू नेहमी सारखा नसतो आणि स्प्रिंगांची जागा चुकली की सगळं बिघडतं. स्प्रिंग सुटून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून चष्मा घाला. ड्रम काढलेला असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात.

आत ओल दिसली तर प्रकरण वेगळं. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण हलकेच उचलून पाहा. आत ब्रेक ऑइल असेल तर सिलिंडर गेला. तो बदलला की लाइनमधली हवा काढावी लागते. त्यासाठी पेडलवर दुसरा माणूस आणि नवं, सीलबंद ऑइल लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा कोरडा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान १४०. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना हाच फरक जिवावर बेतू शकतो. काही पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. तिथे हवा काढताना गाडी किती उंचावर आहे यानेही फरक पडतो. त्यामुळे सिलिंडर गळत असेल तर मी पहिल्यांदा करणाऱ्याला गॅरेजच सांगेन. लायनर गिअरऑइलने माखलेत, तर अॅक्सलचं सील गेलंय. तेही गॅरेजचंच काम, कारण सील न बदलता घातलेले नवे शू पुन्हा भिजतील.

तिसरा, मधला मार्गही आहे आणि मला तो सगळ्यात पटतो. खोलणं-जोडणं घरी, पण ड्रमवर खोल चरे असतील तर ते लेथवाल्याकडे न्यायचे. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. लेथवर घासून माप त्याच्या पुढे जाणार असेल, तर नवा ड्रमच घ्या. जुन्या शूवर नवे लायनर रिपिट मारून मिळतात, तोही पर्याय वाईट नाही, पण रिपिट मारणारा हात सरावाचा हवा.

गॅरेजचा मला आलेला एक वाईट अनुभव सांगतो. एका ठिकाणी माझ्या गाडीला एकाच बाजूचे लायनर बदलून दिले. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग एका बाजूला जायचा. तेव्हापासून गॅरेजला गाडी दिली तरी दोन्ही बाजू एकदमच बदलायला सांगतो आणि जुने भाग परत मागून घेतो. घरी केलं तेव्हा चूक माझी झाली. मी अॅडजस्टर जास्त आवळला. नशिराबादच्या अलीकडेच जळका वास आला आणि डाव्या ड्रमला हात लावता येत नव्हता.

म्हणून जोडणी कुठेही झालेली असो, पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबून दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. ऊब दोन्हीकडे सारखी हवी. एक थंड आणि दुसरा तापलेला असेल, तर गाडी पुन्हा जॅकवर घ्यावी लागेल. नवे शू ड्रमला बसेपर्यंत, पहिले शे-दोनशे किलोमीटर तरी, पूर्ण माल भरू नका आणि घाटाला जाऊ नका. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी जुळवावी, शू आधी नीट बसल्यावर.