अडतीच्या पेढीवर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस: काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडतीवर संगणकाचं काम म्हणजे शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), पत्रं, बँकेची स्टेटमेंटं आणि छपाई. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. मग तिसऱ्या पिढीचा, धड चालणारा आय-थ्री संगणक भंगारात घालायचा का? अशा मशीनवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट २२ ही सिस्टिम (तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती) आणि एमएस ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस वापरून झालेलं मत सरळ आहे: रोजचं काम निभतं. घाम काढतात ते फाँट आणि प्रिंटर. इन्स्टॉलेशन त्यामानाने किरकोळ.

हे सगळं फुकट आहे, पण मुद्दा तेवढाच नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा आणला. जीपीएलसारख्या मुक्त परवान्यांत हे सॉफ्टवेअर कुठल्याही कामाला वापरायची, आतला कोड वाचायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मुभा आहे. पेढीच्या भाषेत, एकच पेनड्राइव्ह सगळ्या मशीनला चालतो आणि ‘क्रॅक’ ऑफिससोबत कुठला व्हायरस आला याची धास्ती राहत नाही.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची प्रत) ३ जीबीच्या आसपास आहे, ती विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवायची. आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा, मग डिस्कला हात लावा. शेजारी विंडोज ठेवणार असाल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि त्याचं ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतं उघडतं. ४ जीबी रॅमवर काम होतं, मात्र ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडल्या की मशीन रडतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) टाकल्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही सिस्टिमच्या बदलाने पडत नाही, हेही खरं.

आता मराठी. कीबोर्ड सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाणित कळमांडणी) जोडलं की विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकलेली बोटं तशीच चालतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य शिफ्ट-जे, डी आणि मग य असा येतो. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी (देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) मराठी निवडायला विसरू नका. तिथे हिंदी राहिलं तर लोहित देवनागरीसारख्या फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, आणि लोक फाँटला दोष देत बसतात. इंग्रजी आणि देवनागरीचे फाँट व आकार स्टाइलमध्ये वेगवेगळे ठरतात, म्हणून दोन्ही बदलावे लागतात.

वर्डमधून आलेल्या पत्रात विंडोजचा मंगल फाँट असेल तर तो इथे नसतो. बदली फाँटची रुंदी वेगळी, त्यामुळे सही दुसऱ्या पानावर घसरते. इंग्रजीसाठी कॅलिब्रीच्या मापाचा कार्लितो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया आहे, ते बसवले की इंग्रजी पानं हलत नाहीत. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवावं.

सगळ्यात किचकट भाग कृतिदेव, श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टाइप केलेल्या जुन्या फाइलींचा. तो मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नाही. फाँट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँट असेल तर दिसतो, पण त्यात नाव शोधता येत नाही. कन्व्हर्टरने बदलल्यावर रफार, ऱ्य आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालाच, चुका नेमक्या तिथेच राहतात. आणि शेतकऱ्याचं आडनाव चुकलेलं पट्टीवर चालत नाही.

कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल) लाखाचे स्वल्पविराम हवेत तर सेलच्या फॉरमॅटमध्ये #,##,##0 असा कोड द्यायचा. साधी सूत्रं बिनतक्रार चालतात. मॅक्रोंनी (फाइलीतल्या छोट्या प्रोग्रामांनी) भरलेली एक्सेल फाइल मात्र चालेलच असं नाही. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर ऑप्शन्समधल्या लोड/सेव्हमधला ऑटो-रिकव्हरीचा (आपोआप प्रत ठेवण्याचा) १० मिनिटांचा काळ २ वर आणा.

प्रिंटर घेण्याआधी त्याला लिनक्सचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का ते बघा. काही स्वस्त जुन्या लेझर प्रिंटरना कंपनीचं वेगळं प्लगइन किंवा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, काम रांगेत जातं, कागद मात्र बाहेर येत नाही.

हिशेबाचं टॅली प्राइम विंडोजसाठीच बनतं. ते वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) ओढूनताणून चालवून त्यावर पेढीचे हिशेब ठेवणं हा शहाणपणा नव्हे. एक मशीन विंडोजवर ठेवावं, बाकीची मिंटवर न्यावीत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मोठं अपडेट घेण्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट (मागे जाता येईल अशी प्रत) काढा. त्यात होम फोल्डरमधल्या आपल्या फाइली धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावा लागतो.