प्रज्ञावान विद्यार्थी शोधून देणारी सेवा : एका वर्गशिक्षिकेचे परीक्षण

आमच्या शाळेने गेल्या वर्षी प्रज्ञावान विद्यार्थी ओळखून देणारी एक सेवा घेतली. चाचणीच्या दिवसापासून पालकांच्या हाती अहवाल पडेपर्यंत वर्गशिक्षिका म्हणून मी सोबत होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट अशी की तिने आमच्याकडे हुशार मुलांची यादी मागितली नाही, तर इयत्तेतील झाडून सगळ्या मुलांना चाचणीला बसवले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याने २००५ मध्ये दुसरीच्या सर्व मुलांची अशी चाळणी सुरू केली, तेव्हा पालक-शिक्षकांच्या शिफारशीतून निसटणारी गरीब आणि अल्पसंख्याक घरांतील कितीतरी मुले पुढे आली. माझ्याच वर्गात खिडकीपाशी बसणारी एक मुलगी आहे. तिचे अक्षर गिचमीड आहे आणि ती क्वचितच हात वर करते. यादी माझ्याकडे मागितली असती, तर मी तिचे नाव घातले नसते, हे मला कबूल केले पाहिजे. नऊ चौकटींपैकी रिकामी असलेली शेवटची चौकट, आडव्या-उभ्या ओळींमधला नियम ओळखून भरायची, अशा प्रश्नांच्या भागात तिचे एकही उत्तर चुकले नाही. जॉन रेव्हन यांच्या १९३० च्या दशकातील आकृतिचाचण्यांच्या धर्तीवरच्या या भागात वाचन जवळजवळ नसते, त्यामुळे भाषेत मागे पडणाऱ्या मुलालाही आपली विचारशक्ती दाखवता येते.

अहवालाबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. बुद्ध्यांक १३० किंवा अधिक असेल तर ‘प्रज्ञावान’, त्याखाली ‘सर्वसाधारण’, एवढीच विभागणी त्यात होती. उत्तम चाचणीतही काही गुण इकडेतिकडे होतातच, म्हणून आकड्याबरोबर तो किती खाली-वर असू शकतो याची संभाव्य मर्यादा छापणे आवश्यक असते; ती कुठेही नव्हती. १२८ गुण मिळालेल्या मुलाच्या आईला मी काय सांगावे? मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रज्ञावान मुलांचा असाच शोध घेतला, तेव्हा विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही मुले चाचणी देऊनही निवडीबाहेर राहिली आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुसऱ्या एका मुलाने शेवटचे अकरा प्रश्न कोरे सोडले. त्याचा कच्च्या कामाचा कागद मी पाहिला, तर एका आकृतीला दोन उत्तरे कशी लागू पडतात हे त्याने बारीक पेन्सिलीने मांडून ठेवले होते आणि त्यातच त्याचा वेळ गेला होता. अहवालात तो ‘सर्वसाधारण’ आहे. फेरचाचणीची विचारणा केली असता सेवेत तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळाले.

शिक्षकांसाठी दिलेला निरीक्षण तक्ताही सदोष आहे. गृहपाठ वेळेवर करतो का, सूचना पाळतो का, असे प्रश्न त्यात आहेत. त्यांवरून शिस्तीचे मूल सापडते, प्रज्ञावान सापडेलच असे नाही. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेची सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामातील चिकाटी अशी तीन अंगे मांडली. शेवटच्या दोन अंगांविषयी तक्त्यात एकही प्रश्न नाही. अडचणीचे प्रश्न विचारणारे, आवडत्या विषयात तासन्‌तास रमणारे आणि नावडत्या विषयात वही कोरी ठेवणारे मूल अशा तक्त्यात हमखास खाली जाते.

निवड झाल्यावर पुढे काय, याविषयी सेवेने प्रमाणपत्रापलीकडे काहीही दिले नाही. खिडकीपाशी बसणाऱ्या त्या मुलीसाठी वरच्या इयत्तेचे गणित आम्हीच शोधून काढले आणि आठवड्यातून दोन तास तिला त्या वर्गात बसवतो.

पहिली चाळणी म्हणून ही सेवा घेण्यासारखी आहे, अंतिम निर्णयासाठी नाही. सीमारेषेजवळच्या मुलांची वैयक्तिक फेरचाचणी आणि तक्त्याची नवी मांडणी या दोन अटी करारात घातल्याशिवाय यंदा नूतनीकरण करू नये, असे मी मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे आणि सोबत त्या मुलाच्या कच्च्या कामाच्या कागदाची प्रत जोडली आहे.