कूलिंग टॉवेल वापरून बघितला: मान गार झाली, चक्करचं काय?

तीन स्टार देतेय. चार दिले असते, पण पाकिटावर 'उन्हात चक्कर येण्यापासून संरक्षण' असं छापलंय ना, एक स्टार तिथेच कापला.

आधी का घेतला ते सांगते. भाच्याची मॅच बघायला गेले होते, ऊन डोक्यावर, कडेला बसायला जागा नाही म्हणून दीड तास एकाच ठिकाणी उभी, आणि त्यात मी दिवसभर एसीत बसणारी, उन्हाची सवय शून्य. मॅच संपत आली आणि एकदम दरदरून घाम फुटला, आवाज लांबून आल्यासारखे वाटायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी, आणि त्यानंतर आठवतं ते थेट आकाश. दोघं जण मला उचलून खुर्चीत बसवायच्या मागे, तिसरी बाई बाटली तोंडाला लावतेय, नशीब एक काकू ओरडल्या की अहो तिला आडवंच राहू दे, सावलीत घ्या आणि पाय वर करा. माझ्याच बॅगेवर माझे पाय ठेवले आणि मिनिटभरात डोकं ताळ्यावर आलं. पाणी नंतर प्यायले, घोट घोट. पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तर दुसऱ्याच दिवशी हा टॉवेल मागवला. पीव्हीएचा आहे, म्हणजे स्पंजासारखं पाणी धरून ठेवणाऱ्या कृत्रिम कापडाचा, भिजवायचा, पिळायचा, दोन-तीनदा झटकायचा आणि मानेवर टाकायचा. गार लागतो का? हो, मस्त लागतो. त्यात जादू काही नाही, पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं, आपला घाम करतो तेच. कोरड्या हवेत पाऊण तास आरामात चालला. दमट दिवशी मात्र पार फुसका, हवेतच इतकं बाष्प की टॉवेलमधलं पाणी उडणार कुठे, वीस मिनिटांत मानेवर नुसतं कोमट ओलं फडकं.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. नंतर डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी समजावलं की उन्हात अंग थंड ठेवायला त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, घामाने पाणी कमी झालेलं असतंच, वर तुम्ही खांबासारखे उभे, मग रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवं केलं की रक्त परत डोक्याकडे येतं. म्हणजे गडबड सगळी पायात आणि मी फडकं गुंडाळतेय मानेला! मानेवर गार लागलं की बरं वाटतं, पण शरीराच्या आतलं तापमान काही तेवढं उतरत नाही, आणि बरं वाटतंय म्हणून आपण उन्हात अजून थांबतो. माझं तेच झालं. पुढच्या मॅचला टॉवेल टाकून तासभर बिनधास्त उभी राहिले आणि परत ते लांबून येणारे आवाज सुरू. या वेळी लाज सोडून तिथेच मातीत आडवी झाले, म्हणून शुद्ध गेली नाही.

बाबांनाही एक घेऊन देणार होते पण त्यांना बीपीची गोळी आहे, लघवी जास्त होणारी, अशा गोळ्यांवर उन्हात चक्कर यायचा धोका वाढतो म्हणे. गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि हो, आडवं करूनही माणूस लगेच सावरला नाही, बरळायला लागला, अंग तापलेलं असेल तर ती साधी चक्कर नाही, उष्माघात असू शकतो, त्यात आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं. अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहायचं, तिथे टॉवेल-बिवेल पुरत नाही.

बाकी टॉवेल टिकाऊ आहे. वाळला की पुठ्ठ्यासारखा कडक होतो, घाबरू नका, भिजवला की परत मऊ. ओला तसाच डबीत विसरलात तर मात्र असा कुबट वास येतो की विचारू नका, मी एकदा विसरले आणि तीन वेळा धुवावा लागला.

अजूनही नेते मी तो, पण आता आधीचे दहा-बारा दिवस रोज थोडं थोडं वाढवत उन्हात चालून अंगाला सवय लावते, तहान लागायच्या आधीच पाणी पिते, सावली शोधते आणि उभं राहावंच लागलं तर दर दोन-तीन मिनिटांनी टाचा वर-खाली करते, पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं म्हणून. भाचा म्हणतो मावशी तू मॅचला येऊ नकोस, सगळी टीम तुझ्याकडेच बघत बसते.