कोहा: ग्रंथालयातल्या सर्व्हरवर की भाड्याच्या?

कोहा ही ग्रंथालयाचे कामकाज चालवणारी संगणकप्रणाली वापरायचे ठरले की लगेच दुसरा प्रश्न येतो: ते ठेवायचे कुठे? ग्रंथालयातल्याच एखाद्या यंत्रावर, की पुरवठादाराच्या सर्व्हरवर वर्षाच्या बोलीवर, म्हणजे होस्टेड? खरेदी समितीपुढे दोन्हींची कोटेशने येतात आणि निर्णय बहुतेक वेळा रकमेकडे पाहून होतो. मला रक्कम दुय्यम वाटते. सर्व्हर एकदाच घेतला की डेडस्टॉकला चढतो, होस्टिंगचे बिल दर वर्षी मंजूर करून घ्यावे लागते. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि मधे कधीतरी बदलावी लागणारी डिस्क धरली, तर चार-पाच वर्षांच्या हिशेबात फरक फारसा उरत नाही.

माझी निवड ग्रंथालयातला सर्व्हर. पण होस्टेडच्या ज्या दोन गोष्टी खरोखर चांगल्या आहेत, त्या आधी सांगायला हव्यात.

पहिली विजेची. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार गुरुवार, हे सगळ्यांना पाठ आहे. सर्व्हर अचानक बंद पडला तर सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस, मारियाडीबी, बहुधा स्वतःहून सावरतो; शोध चालवणाऱ्या झेब्राच्या अनुक्रमणिकेची तशी खात्री नसते. मग देवघेव नीट चालते, पण ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन सूचीत, शोध घेतला की पुस्तके मिळत नाहीत. नोंदी हरवलेल्या नसतात, फक्त अनुक्रमणिका बिघडलेली असते. ती नव्याने बांधली की सगळे जागेवर येते. तरी अर्धा तास टिकणारा यूपीएस घ्या. तो यूएसबीने यंत्राला जोडा आणि बॅटरी उतरू लागताच यंत्र आपोआप बंद होईल अशी सोय करा. नुसता यूपीएस ठेवून भागत नाही, कारण वीज गेली तेव्हा ग्रंथालयात कोणी असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट ओपॅक बाहेरून दिसण्याची. महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीला स्थिर आयपी पत्ता नसेल, तर ओपॅक आवाराबाहेर दाखवणे कटकटीचे होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात ग्रंथालयाच्या स्वयंचलनाची माहिती लिहावी लागते. समिती मात्र दुवा उघडून पाहते. होस्टेडमध्ये हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटलेला असतो.

आता ज्या एका त्रासाने माझ्यापुरता निकाल लावला, तो: मराठी शोध.

झेब्राची मूळ मांडणी रोमन लिपीसाठी आहे. त्या मांडणीत देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरे नीट ओळखली जात नाहीत. पूर्ण शब्द टाकूनही शून्य निकाल येतो, नाहीतर भलतीच यादी येते. उपाय ठाऊक आहे आणि सोपाही आहे. झेब्राच्या डीफॉल्ट डॉट आयडीएक्स या फायलीत शब्द आणि वाक्यांश या दोन्हींपुढे कॅरॅक्टर-मॅपची (ठरावीक अक्षरांच्या तक्त्याची) जी ओळ असते, तिच्या जागी आयसीयू-चेनची ओळ घालायची; आयसीयू म्हणजे निरनिराळ्या लिप्या नीट हाताळणारी युनिकोडची व्यवस्था. मग सिस्टिम प्रेफरन्समध्ये आयसीयूचा पर्याय चालू करायचा, झेब्रा पुन्हा सुरू करायचा आणि कोहा-रिबिल्ड-झेब्राने, पूर्ण पुनर्बांधणीचा पर्याय देऊन, अनुक्रमणिका पहिल्यापासून बांधायची. तीस-चाळीस हजार नोंदी असतील तर हे काम ग्रंथालय बंद झाल्यावर करावे.

अडचण अशी की ही फाईल एका ग्रंथालयाची नसते. एका सर्व्हरवर जितकी ग्रंथालये असतील तितक्यांना ती सामाईक असते. पुरवठादाराच्या सर्व्हरवर शेजारी इंग्रजी माध्यमाचे अभियांत्रिकी महाविद्यालय असेल, तर तुमच्या मराठी शोधासाठी तो त्या फायलीला हात लावायला कचरतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर ते रास्तही आहे. केले तरी पुढच्या अद्ययावतीकरणात ते टिकेलच असे नाही. पॅकेज नवे चढताना यंत्र विचारते, तुमची बदललेली फाईल ठेवू की आमची नवी घालू? घाईत नवी स्वीकारली की मराठी शोध पुन्हा मुका होतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार वाचकाकडून येते. आपल्या यंत्रावर या प्रश्नाला 'नवी नको' असे उत्तर द्यायचे हे आपल्याला माहीत असते. होस्टेडमध्ये तो प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

आयसीयू बसवल्यावरही काम संपत नाही. 'किनाऱ्यावर'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ताधारी ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि झिरो-विड्थ-जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र वेगळे पडतात. अशा नोंदी सापडवायला रिपोर्ट्स विभागात एक छोटा एसक्यूएल अहवाल पुरतो: शीर्षकाचे हेक्स (सोळा-आधारी अंकांतले) रूप घ्यायचे आणि त्यात E2808D, म्हणजे त्या जॉइनरचा संकेत, शोधायचा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली जुनी यादी मात्र आयात करण्यापूर्वीच युनिकोडमध्ये आणा, नंतर ती निस्तरणे फार जड जाते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तके ज्यांच्याकडे भरपूर आहेत त्यांनी आणखी एक करावे. 'साधनें' किंवा 'कांहीं' असे छापलेले शीर्षक मार्क या नोंदपद्धतीच्या २४५ (मुख्य शीर्षक) या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे आणि आजचे रूप २४६ (पर्यायी शीर्षक) मध्ये द्यावे. ही सुधारणा दोन्ही वाटांवर सारखीच करता येते. पण ती बरोबर झाली का हे अनुक्रमणिका पुन्हा बांधून तपासावे लागते, आणि त्यासाठी दर वेळी पुरवठादाराकडे तिकीट (लेखी विनंती) टाकून वाट पाहणे मला तरी जमण्यासारखे वाटत नाही.

स्वतःच्या सर्व्हरची खरी जोखीम बॅकअपची आहे. कोहा रोज रात्री डेटाबेसची आणि कॉन्फिगरेशनची अशा दोन फायली बनवते, पण त्या त्याच डिस्कवर ठेवते आणि मूळ मांडणीत दोन दिवसांपूर्वीच्या पुसून टाकते. डिस्क गेली तर बॅकअपही तिच्याबरोबर जातो. तेव्हा ते दिवस वाढवा, रोजची प्रत कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावर आपोआप जाईल असे करा आणि आठवड्याची एक प्रत आवाराबाहेर ठेवा. नव्या आवृत्त्या मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. त्यांच्यामागे धावू नये, ओल्डस्टेबल (आधीच्या, स्थिरावलेल्या आवृत्तीच्या) शाखेवर राहून वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत अद्ययावत करणे पुरते.

हे सगळे करणार कोण, हा प्रश्न उरतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ग्रंथपालांच्या पदोन्नतीसाठी स्वयंचलनाच्या प्रशिक्षणाला जागा आहे, आणि कोहाच्या कार्यशाळा होतही असतात. त्यांत इन्स्टॉलेशन शिकवले जाते. बॅकअपवरून यंत्र पुन्हा उभे करणे फार क्वचित करून घेतले जाते, आणि माझ्या मते सर्व्हर सांभाळण्याची पात्रता तिथेच ठरते. कार्यशाळेहून परतल्यावर एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर कोहा बसवा, कालची डंप फाईल (डेटाबेसची पूर्ण प्रत) त्यावर उतरवा आणि एका सभासदाची देवघेव, दंड आणि राखीव पुस्तक जुळते का ते पाहा. दोन जणांना हे जमत असेल तर निःशंकपणे ग्रंथालयातला सर्व्हर घ्या. एकालाच जमत असेल आणि निवृत्ती जवळ असेल, तर थोडे थांबलेले बरे.

एकट्या ग्रंथपालावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाने, किंवा पदे रिकामी असलेल्या महाविद्यालयाने होस्टेड घेतले तर मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. फक्त करारात तीन ओळी घालून घ्याव्यात. एक, देवनागरीसाठी आयसीयू अनुक्रमणिका, अद्ययावतीकरणानंतरही. दोन, सभासदांची माहिती ग्रंथालयाच्या सूचनेशिवाय वापरायची नाही, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी मुख्यतः संस्थेवर येते. तीन, दर महिन्याला पूर्ण एसक्यूएल डंप. तिसऱ्यावर पुरवठादार बहुधा 'मार्क एक्स्पोर्ट देतो' म्हणतात. तेवढ्यावर मान्य करू नका. मार्क फायलीत पुस्तकांच्या नोंदी आणि दाखल क्रमांक येतात. सभासद, चालू देवघेव, दंड, बनवलेले अहवाल आणि प्रेफरन्सेस त्यात नसतात. डंप हातात आला की तो आपल्या डेस्कटॉपवर उतरवून पाहा. त्या यंत्रावरची कोहाची आवृत्ती पुरवठादाराच्या इतकी किंवा तिच्याहून नवी असली पाहिजे, नव्या आवृत्तीचा डेटाबेस जुन्या कोहावर चालत नाही. म्हणून डंपबरोबर आवृत्तीचा क्रमांकही दर महिन्याला लेखी मागा.