कोरलेली अक्षरपाटी आणि वाळूचा ट्रे: संचात काय घ्यावं, काय सोडावं

कोल्हापुरात महाद्वार रोड असो की राजारामपुरी, खेळण्यांच्या दुकानात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'अक्षर गिरवा' धाटणीचा एक संच हल्ली हमखास दिसतो. ऑनलाइनही तोच मिळतो. खोक्यात दोन्ही बाजूंनी अक्षरं कोरलेली एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) पाटी, एक लाकडी काडी, उथळ ट्रे, पिशवीभर रंगीत वाळू आणि खरखरीत अक्षरांची कार्डं असतात. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी साचा एकच, म्हणून गुणदोषही सारखेच. आमचं मत आधीच सांगतो: पाटी पारखून घ्या, कार्डं चांगली असतील तर जरूर घ्या, ट्रे आणि वाळूसाठी मात्र जादा पैसे मोजू नका.

खोकं उघडून दाखवायला सांगा आणि सगळ्यात आधी ल, श आणि ळ शोधा. बरेच संच हिंदीच्या साच्यावर काढलेले असतात आणि वर 'मराठी' असं नुसतं छापलेलं असतं. उजवीकडे उभा दंड असलेला ल आणि डावीकडे गाठ असलेला श ही हिंदीची वळणं. आपला ल पाकळीचा, आपला श शेंडीफोड्या. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं धरली आहेत, आणि ॲ, ऑ हे स्वरही वर्णमालेत घेतले आहेत. ळ तर कित्येक पाट्यांवर नसतोच. त्याच्या जागी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, दिलेले ड आणि ढ येऊन बसतात. ज्या मुलाला उद्या बाळ, फळ, शाळा, कमळ लिहायचं आहे त्याच्या पाटीवर ळ नसणं चालायचं नाही. बोटाला एकदा बसलेलं वळण पहिलीत जाऊन मोडायचं म्हणजे मुलाला दुप्पट कष्ट. या तीन अक्षरांत पाटी नापास झाली तर बाकी कितीही गुळगुळीत असली तरी परत द्या.

दुसरी पारख खाचेची. खाच साधारण आठ मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर खोल असावी, म्हणजे लहान मुलाच्या बोटाचं टोक तिच्यात बसतं आणि घसरत नाही. अरुंद खाचेत फक्त काडी जाते, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती काडी देणं घाईचं असतं. खाचेच्या कडेवरून आपला अंगठा दाबून फिरवा. कुसं टोचली किंवा भुसा हाताला लागला तर ती पाटी नको. ओल्या फडक्याने पुसत राहिलं की एमडीएफ फुगतं आणि खाचेत लव उठते, म्हणून पाटी कोरड्या ब्रशनेच साफ करायची. खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे का तेही बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे.

आता या पाट्यांचा मोठा दोष. त्यांच्यावर अक्षराचा आकार असतो, पण हात कुठून कुठे जायचा ते नसतं. ग घ्या. लिहिताना आधी डावीकडची रेघ वरून खाली येऊन वळते, मग बोट उचलून उजवा दंड वरून खाली, आणि शेवटी डावीकडून उजवीकडे शिरोरेषा. पाटीवर हे तिन्ही भाग एकाच सलग खाचेने जोडलेले असतात. मूल बोट ठेवतं ते बहुधा शिरोरेषेच्या उजव्या टोकावर, तिथून उलटं डावीकडे सरकतं, खाली उतरतं, गाठीशी अडकतं, आल्या वाटेने परत वर जातं आणि दंड खालून वर चढवतं. बघणाऱ्याला वाटतं, वा, ग गिरवला! प्रत्यक्षात बोटाने ग लिहिण्याचा क्रम पाळलेलाच नसतो. पुढे वहीत दंड खालून वर ओढणारी आणि आधी शिरोरेषा आखून तिला अक्षरं लटकवणारी मुलं दिसतात, त्यातली बरीच अशा सरावातून येतात.

यावर घरच्या घरी उपाय आहे. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला नेलपॉलिशने ठिपका द्या: पहिल्या रेघेला लाल, दुसरीला हिरवा, तिसरीला निळा. शिरोरेषेच्या खाचेत घट्ट कणकेची वळी दाबून बसवा, म्हणजे बोट तिकडे जाणारच नाही. खालचं अक्षर वरून खाली, डावीकडून उजवीकडे नीट गिरवता आलं की वळी काढायची. आपण गिरवून दाखवताना मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून दाखवलं तर त्याला सगळं उलटं दिसतं.

खरखरीत अक्षरांची कार्डं हा संचातला सगळ्यात मोलाचा भाग. मारिया मॉंटेसरी यांच्या पद्धतीतून आलेलं हे साधन पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामामुळे मराठी बालशिक्षणात ओळखीचं झालं. अक्षर तळहाताएवढं, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या आसपास उंच, आणि रेघ एक सेंटिमीटर रुंद हवी. काही संचांत पॉलिश पेपरऐवजी चमकी चिकटवलेली असते. ती आठवड्यात झडते आणि बोटाला काही कळतही नाही, ती टाळा. कार्डं घरीही होतात: हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणा, मागच्या बाजूने अक्षर उलटं काढून कापा, जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. वजन ठेवलं नाही तर कडा उचलतात. ८० नंबरचा कागद बोटाला ओरखडतो. गिरवायचं तर्जनी आणि मधलं बोट जोडून, हलक्या हाताने, तोंडाने फक्त 'ग' म्हणत. प्रत्येक फेरीला 'ग गणपतीचा' म्हटलं की मुलाचं लक्ष गणपतीकडे जातं आणि आवाजाची अक्षराशी सांगड ढिली पडते. गणपतीची ओळख आधी गप्पांत करून द्यावी.

ट्रेबद्दल थोडक्यात: संचातला ट्रे जेमतेम दीड सेंटिमीटर काठाचा. पहिल्याच शिरोरेषेला वाळू फरशीवर. तीस बाय वीस सेंटिमीटरचा, चार सेंटिमीटर काठाचा कुठलाही डबा किंवा ट्रे चालतो. तळाला काळा किंवा गडद निळा कागद चिकटवा, नाहीतर रेघ दिसत नाही; चकचकीत स्टीलच्या ताटात हीच अडचण येते. थर पाच ते सात मिलिमीटरचा ठेवा. यापेक्षा पातळ असला तर बोट नुसतं तळावर घासतं, आणि सेंटिमीटरच्या वर गेला तर कडा ढासळून रेघ बुजते. संचातल्या दोनशे ग्रॅम वाळूने एवढ्या ट्रेमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर थर होतो. शिवाय घामट हाताला तिचा रंग लागतो.

त्याऐवजी लक्ष्मीपुरीतून पाव किलो रवा आणा, तेवढ्यात सहा मिलिमीटरचा थर बसतो. जाड रवा घ्या. बारीक रवा बोटाला चिकटतो. आधी कोरडाच भाजून गार करा, म्हणजे लवकर जाळी धरत नाही. मिठावर रेघ सुंदर उमटते, पण कोल्हापूरच्या जुलैत त्याचे गोळे होतात आणि बोटाला चीर असेल तर झोंबतं, म्हणून मीठ उन्हाळ्यापुरतं. रांगोळी अजिबात नको, तिची धूळ नाकातोंडात जाते. खेळासाठी अन्न वापरणं ज्या घरात पटत नाही, त्यांनी बारीक वाळू पीठचाळणीने चाळावी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी आणि उन्हात वाळवावी. अर्धा किलोहून थोडी जास्त लागते. बांधकामाच्या ढिगातली वाळू न चाळता देऊ नका, तिच्यात खडे असतात.

संचात नसलेली, पण आम्ही पाटीच्याही आधी देऊ अशी वस्तू म्हणजे शाडू. शाहूपुरीच्या किंवा गंगावेशच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी चौकशी केली तर मळलेला गोळा मिळू शकतो. त्याच्या बोटभर जाडीच्या वळ्या करायला लावा. वळी लांबवताना दोन्ही तळहातांवर सारखा दाब द्यावा लागतो, आणि बोटांत जी ताकद येते तीच पुढे पेन्सिलीला उपयोगी पडते. मग जमिनीवर खडूने मोठा ग काढून त्यावर वळ्या ठेवायच्या, पुन्हा त्याच क्रमाने. वळीला भेगा पडल्या तर माती कोरडी झाली आहे. हात ओला करून पुन्हा मळा, वरून पाणी ओतू नका. उरलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा.

क्रम संचाच्या पुस्तिकेत अ, आ, इ असा दिलेला असतो. तो म्हणायला ठीक, लिहायला अवघड. अ आणि इ ही वळणाने कठीण अक्षरं आहेत. आपल्याकडचा ग म भ न हाच क्रम हाताला सोपा, कारण दंड आणि छोटी गाठ यांवरच सगळं भागतं. फक्त म आणि भ एकाच दिवशी देऊ नका. वळण सारखं असल्यामुळे हाताला सोपं जातं, पण डोळ्यांचा गोंधळ होतो. म अचूक ओळखता आला की भ. घ-ध आणि ब-व यांनाही हेच लागू. एका वेळी दोन किंवा तीन अक्षरं पुरेत, आणि दहा मिनिटांच्या वर ताणू नका.

साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास फुली. फुली जमत नसेल तर अक्षरं बाजूला ठेवून ट्रेमध्ये उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा आणि गोल एवढंच करू द्या. काडी त्यानंतर. संचातली काडी लांब आणि बारीक असते. तिचा छोटा तुकडा कापून टोक घासून घेतलं तर पकड आपोआप तीन बोटांची होते, कारण मुठीत धरायला जागाच उरत नाही.

मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. रेघांचा क्रम तोच ठेवा. ट्रे शरीराच्या मध्यापासून थोडा डावीकडे सरकवा आणि किंचित उजवीकडे तिरका करा, म्हणजे शिरोरेषा ओढताना त्याचाच हात अक्षरावर येत नाही.